फुकटच्या भरावाबद्दल

प्रिय सुन्या,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज वाचला. खाडीकडच्या वीस गुंठ्यांत कुणीतरी फुकट भराव टाकून देतोय, वर डंपरमागे दादाला चार पैसेही सुटतील, आणि तू विचारतोस, "घेऊ का टाकून?" फोनवर तू दर वाक्याला "अरे पण" करत बसतोस, म्हणून लिहूनच पाठवतो. नको घेऊस.

आधी हिशोब मांडू. 20 गुंठे म्हणजे 21,780 चौरस फूट. रस्त्याच्या पातळीला आणायचं तर चार फूट उंची धर. साधारण 870 ब्रास (शंभर घनफुटांचा एक) झाले. पाच ब्रासची हायवा (मोठा डंपर) पकडली तरी पावणेदोनशे खेपा. एवढा मुरूम फुकट देणारा कर्ण अजून जन्माला यायचाय. ब्रासला 600 रुपये धरले तर नुसती सरकारला भरायची रॉयल्टीच पाच लाखांवर जाते. फुकट येतं ते डेब्रिज. पाडलेल्या इमारतींच्या विटा, टाइल्सचे तुकडे, पीओपी, मधेच एखादी वाकडी सळई. या राडारोड्याची विल्हेवाट कशी लावायची याचे केंद्राचे नियम 2016 पासून आहेत. ते पाळायला खर्च येतो, तो वाचवायला त्यांना तुमचं शेत हवंय. वर वीतभर लाल माती पसरून देतील आणि फोटो छान येईल.

"आपली जमीन, आपण माती टाकू, कोण विचारतो?" असं दादा म्हणतो ना? विचारतात. नगररचना कायद्यात (1966 चा) 'विकास' म्हणजे फक्त बांधकाम नव्हे, भराव टाकून जमीन तयार करणंही त्यातच येतं. परवानगी नसेल तर जमीन होती तशी करून द्या म्हणून नोटीस निघू शकते. पावणेदोनशे खेपा परत उचलायला कुठला फुकट्या येणार? मुरूम विनापरवाना असला तर महसूल कायद्याच्या कलम 48 खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, आणि गाडी जप्त ती वेगळीच. दादाने त्या पुण्याच्या बिल्डरांच्या निकालाचं ऐकलं असेल, सर्वोच्च न्यायालयाचा, 2014 चा. पण तिथे पाया खणताना निघालेल्या, त्याच जागी वापरलेल्या मातीचा प्रश्न होता. सरसकट दंड लावू नका, माती कशासाठी वापरली ते आधी तपासा, असं कोर्टाने सांगितलं. बाहेरून हायवा भरभरून आणलेल्या मालाला तो निकाल कसा लागू होईल?

हे झालं कागदाचं. मला खरी भीती पाण्याची वाटते, कारण दोन पावसाळे तेच भोगतोय.

मांडव्याला 2020 मध्ये मुंबईहून गाड्या आणणारी रो-रो बोट आली, 2024 मध्ये अटल सेतू झाला, आणि आमच्या रस्त्याकडेचं एकेक भातखाचर लोकांना प्लॉट दिसायला लागलं. आमच्या खालच्या अंगाचं शेत मुंबईच्या एका गृहस्थांनी घेतलं. रात्री गाड्या लागायच्या. बघता बघता त्यांची जमीन आमच्या बांधाच्या वर गेली आणि भोवती कंपाउंड उठलं. डोंगराचं पाणी आमच्या खाचरांतून उतरून त्यांच्या शेतातून खाडीकडे जायचं, ती वाटच बुजली. गेल्या भाताची लोंबी पाण्यात कुजली. त्याहून वाईट म्हणजे कांदा गेला. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर आपला पांढरा कांदा होतो, तुला सांगायला नको. पण ओल वेगळी आणि चिखल वेगळा. वाफे करायच्या दिवसांत पाय घोट्यापर्यंत रुतत होता. मानांकन मिळालेला कांदा आणि आईने यंदा घरच्यासाठी माळ विकत आणली! तिने ती सगळ्यांना दिसेल अशी ओटीवर टांगली, माझ्याकडे बघत.

मामलेदार कोर्टाचा कायदा 1906 चा आहे, आणि तोच कामाला आला. शेतातल्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कुणी अडवला तर तहसीलदार तो मोकळा करायला लावू शकतात. अट एवढीच की अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दावा टाकायचा. आम्ही टाकला. स्थळपाहणी लागली एप्रिलमध्ये. जमीन भेगाळलेली, आणि समोरचे वकील हसून म्हणाले, "पाणी कुठंय?" मी तलाठ्यांना (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण तोंडात बसत नाही) कुंपणापाशी नेलं. तारेच्या दुसऱ्या ओळीत वाळलेला पेंढा सरळ रेषेत अडकला होता आणि आंब्याच्या बुंध्यावर त्याच उंचीला गाळाचा पट्टा होता. सर्कलनी (मंडळ अधिकाऱ्यांनी) टेप लावून पंचनाम्यात माप घेतलं. समोरच्यांचं म्हणणं, हे शेतीसाठीच सपाटीकरण आहे. पुरावा म्हणून मुरमात खोचलेली आंब्याची दहा रोपं दाखवली. त्यांतली दोन तर पिशवीसकट लावली होती.

वाट मोकळी करायचा आदेश आमच्या बाजूने झाला. समोरचे वरच्या अधिकाऱ्यांकडे गेले, स्थगिती आणली. तारखा चालू आहेत.

एक बारीक गोष्ट दादाला समजावून सांग. या कायद्यात रीतसर अधिकार नसताना घातलेला अडथळाच काढता येतो. म्हणजे उद्या कुणी सगळ्या परवानग्या घेऊन भराव टाकला तर शेजारच्याचा दावा लंगडा पडतो. परवानगी देताना पाण्याची वाट नकाशावर आखून घेतली नाही, तर सगळं कायदेशीर होऊनही शेत बुडायचं ते बुडतंच. आमच्या प्रकरणात रॉयल्टीच्या पावत्या सगळ्यांनी मागितल्या. पाणी कुठून जाणार, हे मात्र पंचनाम्यापर्यंत कुणी विचारलं नाही. तुमच्या शेताच्या वरच्या अंगाला तुझ्याच चुलत्यांची खाचरं आहेत, आणि त्यांचं पाणी तुमच्यातूनच उघाडीकडे (खाडीच्या बांधातल्या पाणी सोडायच्या दाराकडे) जातं. भाऊबंदकीला तुमच्याकडे आधीच काही कमी नाही.

घरासाठी जागा हवीच असेल तर रस्त्याकडची पाच-सहा गुंठेच भराव घालून उचला, मोजणी करून, परवानगी काढून, पाण्याच्या वाटेवर मोठ्या पाइपची मोरी ठेवून. बाकी भात राहू दे.

त्या माणसाला अजून होकार दिला नसेल तर देऊ नका. कागदावर सही तर अजिबात नको, अंगठाही नको. सातबारा आणि गटाचा नकाशा पाठव, मी आमच्या वकिलांना दाखवतो. शनिवारी दादाला घेऊन ये, जेवायलाच या. काकूंना नमस्कार.

तुझा,
मिल्या