ट्रक नाव बघून घ्या, पण थंडीचे सामान तपासून

महोदय,

दसरा-दिवाळीला निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत नव्या गाड्यांना हार पडतात. डिसेंबर उजाडला की त्यातल्याच काही गाड्या सुटे भाग, औषधे, कांदा भरून जम्मू-श्रीनगरकडे निघतात आणि येताना मार्केट यार्डासाठी सफरचंद आणतात. गाडी घेतानाची चर्चा मात्र ‘टाटाच बरी’, ‘लेलँडला तोड नाही’, ‘अ‍ॅव्हरेज पाहिजे तर आयशर’ एवढ्यावर मिटलेली असते. काश्मिरात काझीगुंडला उणे आठ तापमानात पहाटे गाडी सुरू होईल का, हे शोरूममध्ये कोणी विचारत नाही. विचारलेच तर समोरचा माहितीपत्रक उलटेपालटे करत बसतो.

नावावरच्या या निष्ठेला हसण्याचे कारण नाही. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९५४ साली डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपुरात ट्रक बांधायला घेतले, पुढे पिंपरीला कारखाना आला, १९८६ साली ‘चारशेसात’ हा छोटा ट्रक आला. मेस्त्र्यांच्या दोन पिढ्या याच गाड्यांवर हात बसवत तयार झाल्या. ‘सोळा-तेरा’ म्हटले की एकूण वजन १६ टन आणि ताकद १३० अश्वशक्ती, हे हिशेब इथल्या क्लिनरलाही तोंडपाठ. थोडक्यात, माणूस कंपनीपेक्षा मेस्त्रीशी आणि सहज मिळणाऱ्या स्पेअरशी एकनिष्ठ असतो, आणि ते शहाणपणाचेच आहे. जम्मू-श्रीनगर रस्त्यावर रामबनला दरड कोसळून गाडी दोन दिवस अडकली तर उपयोगी पडतो तो जवळच्या दुकानातला डिझेल फिल्टर. म्हणून उत्तरेच्या फेऱ्या करणाऱ्याने आधी पठाणकोट, जम्मू, उधमपूर, श्रीनगर इथे कोणत्या कंपनीचे वर्कशॉप आहे आणि तिथे आपल्याच मॉडेलचे भाग असतात का, हे फोन करून विचारावे. पुण्यातला डीलर कितीही गोड बोलत असला तरी त्याचे वर्कशॉप बनिहालला धावून येणार नाही.

पण नावाच्या पाटीमागे काय आहे तेही बघा. टाटाच्या अनेक अवजड गाड्यांत कमिन्सचे इंजिन असते आणि टाटा-कमिन्सचा एक कारखाना आपल्या फलटणला आहे. बॉशचे इंजेक्टर नाशिकला तयार होतात. स्टार्टर, टर्बो, ब्रेकचे व्हॉल्व्ह पुरवणाऱ्या कंपन्या मोजक्याच, त्यामुळे भांडणाऱ्या दोन ब्रँडांच्या पोटात बऱ्याचदा एकाच कारखान्याचा माल निघतो. थंडीत गाडी दगा देते ती चार-पाच ठरलेल्या ठिकाणी, आणि ती ठिकाणे सगळ्या ब्रँडांत सारखीच.

पहिले डिझेल. डिझेलमध्ये मेण असते. तापमान उतरले की त्याचे बारीक कण तयार होतात आणि फिल्टरच्या कागदावर साय धरावी तसे साचतात. आपल्याकडच्या मानकात फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची मर्यादा उन्हाळी डिझेलला १८ अंश, हिवाळी डिझेलला ६ अंश आहे. म्हणजे पुण्यात चारशे लिटरची टाकी काठोकाठ भरून ‘तिकडे महाग पडते’ म्हणत थेट घाट चढणे हा तोट्याचा सौदा. टाकी अशी राखा की पठाणकोट-जम्मूला ती जवळजवळ रिकामी असेल आणि तिथले हिवाळी डिझेल भरता येईल. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहणारे डिझेल आणले, पण ते त्या भागापुरते.

मेण धरल्याची खूण ठरलेली आहे. गाडी सुरू होते, पाच-दहा मिनिटे नीट चालते आणि चढावर भार पडला की ताकद सोडून बंद पडते, कारण पाइपमधले डिझेल संपले आणि फिल्टरमधून नवीन येईना. इथे जुने ड्रायव्हर दोन उपाय करतात आणि दोन्ही घातक आहेत. एक, डिझेलमध्ये रॉकेल ओतणे. मिकोच्या (बॉशचे इथले जुने नाव) जुन्या डिझेल पंपाने ते पचवले असेल, पण कॉमन रेल, म्हणजे आजच्या जास्त दाबाच्या इंजेक्शनच्या पंपाला वंगण डिझेलचेच मिळते; रॉकेलने तो कोरडा घासतो, त्याचा कीस इंजेक्टरमध्ये जातो आणि सगळा संच बदलावा लागतो. दुसरा, टाकीखाली किंवा ऑइल चेंबरखाली चिंध्या पेटवणे. बाजूने ब्रेकच्या हवेचे नायलॉन पाइप आणि वायरिंग जाते, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात नसते. फिल्टरवर फडके गुंडाळून किटलीभर गरम पाणी सावकाश ओता, नाहीतर सरळ नवा फिल्टर लावा आणि हँडपंप मारून पाइपमध्ये अडकलेली हवा (एअर) काढा. दोन फिल्टर आणि पट्टी-पाना केबिनमध्येच हवेत. पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरची खालची चावी रोज संध्याकाळी, इंजिन गरम असतानाच सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी सोडा; सकाळी त्याचा बर्फ झालेला असतो. गाडी घेताना डिझेल फिल्टरला हीटर आहे का, इंजिनमध्ये जाणारी हवा तापवणारा हीटर आहे का, हे विचारून कोटेशनवर लिहून घ्या. एकाच नावाच्या दोन मॉडेलांत एकाला असतो, दुसऱ्याला नसतो.

बॅटरीबद्दल लोक फक्त ‘किती एएच’ (अँपिअर-अवर, म्हणजे साठवण) विचारतात. थंडीत महत्त्वाचा आकडा सीसीए, म्हणजे गारठ्यात स्टार्टरला किती अँपिअर देऊ शकते तो. उणे १८ अंशांत लेड-अ‍ॅसिड बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि नेमके तेव्हाच ऑइल घट्ट झाल्याने इंजिन जड फिरते. निघण्यापूर्वी दोन्ही बॅटऱ्या रात्रभर उभ्या ठेवून प्रत्येकी किमान १२.६ व्होल्ट दाखवतात का ते बघा. सेल्फ मारताना दोन्हींचे मिळून १९ व्होल्टच्या खाली गेले तर त्या बॅटऱ्या पुण्यातच ठेवा. बदलायच्या तर जोडीने. एक नवी एक जुनी लावली की जुनी नवीलाही खाते. उतरलेली बॅटरी उणे दहाच्या आसपास गोठून फुटू शकते, भरलेली गोठत नाही.

कूलंटची गोष्ट आपल्या उन्हाळ्यात सुरू होते. निम्मे कूलंट, निम्मे पाणी असेल तर ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. पण एप्रिल-मेमध्ये होज गळतो आणि प्रत्येक ढाब्यावर बादलीने नळाचे पाणी घातले जाते. २४ लिटरच्या सिस्टिममध्ये १२ लिटर कूलंट होते, त्यातले निम्मे असे गेले की उरले चौथा हिस्सा, आणि गोठण्याची पातळी आली उणे बारावर. रंग तर हिरवाच दिसतो! रंगावर जाऊ नका, रिफ्रॅक्टोमीटर या कूलंटचे प्रमाण दाखवणाऱ्या छोट्या यंत्राच्या काचेवर थेंबभर टाकून मोजा. गोठून इंजिनच्या ब्लॉकला चीर गेली की वॉरंटीवाला आधी कूलंटच तपासतो.

बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या गाड्यांत धूर स्वच्छ करायला लागणारे युरियाचे पाणी, म्हणजे डीईएफ, उणे ११ ला गोठते. गाडी त्याने बंद पडत नाही. टाकीतून फिरणारे गरम कूलंट ते वितळवते. मात्र टाकी गळ्यापर्यंत भरू नका, गोठताना ते फुगते. आणि इथे एक सवय मोडावी लागेल. किल्ली बंद केल्यावर डीईएफचा पंप पाइपमधले पाणी टाकीत परत ओढत असतो. आपले ड्रायव्हर किल्ली काढली की लगेच बॅटरीचा कटऑफ पाडतात, पंप अर्ध्यात थांबतो, पाणी पाइपमध्ये राहते आणि सकाळी पाइप किंवा पंप फाटलेला. दोन मिनिटे थांबा, मग कटऑफ. कटऑफच्या खटक्याशेजारी हे मराठी-हिंदीत चिकटवले तरी बराच खर्च वाचेल.

हवेच्या ब्रेकच्या टाक्यांतले पाणी रोज सोडायचे आणि हवेतली ओल शोषणाऱ्या ड्रायरचे काडतूस हिवाळ्याआधी बदलायचे. काडतूस संपले की ओल व्हॉल्व्हमध्ये गोठते. ओल्या रस्त्यावरून येऊन लगेच पार्किंग ब्रेक ओढला तर लाइनर ड्रमला चिकटतो. सपाट जागी गियरमध्ये, चाकाला लाकडी ठोकळे लावून उभी करा. टायरमध्ये पुण्यात ३० अंशांना १२० पौंड हवा भरली असेल तर उणे पाचला ती साधारण १५ पौंडांनी कमी दिसते. सकाळी थंड टायरवर मोजून पुरी करा आणि उतरताना जास्तीची काढा. बर्फावर एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनानेच वेग कमी करणारा) बंद ठेवा, रिकाम्या गाडीची मागची चाके त्याने धरली जाऊन घसरतात. बर्फाच्या साखळ्या मागच्या, इंजिनची ताकद मिळणाऱ्या धुरीच्या चाकांना लावायच्या, वेग तीसच्या आत.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन-२ आणि एन-३ (एकूण वजन साडेतीन टनांहून जास्त) ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. एसी आहे म्हणजे हीटर आहेच, असे धरू नका, चालवून बघा. हीटर नसला की ड्रायव्हर केबिनमध्ये सिगडी घेऊन काचा लावून झोपतो आणि कोळशाच्या वायूने सकाळी उठत नाही. हीटरचे पैसे वाचवायला बसलेल्या मालकांनी एवढे तरी डोळ्यांसमोर आणावे.

भोसरीला केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे. तिथे किंवा वाहतूकदार संघटनांच्या पुढाकाराने दर नोव्हेंबरात उत्तरेकडे जाणाऱ्या ड्रायव्हरांसाठी अर्धा दिवस ठेवावा: हाताने फिल्टर बदलून एअर काढणे, साखळी चढवणे, कूलंट मोजणे. डीलरांनीही नव्या गाडीसोबत किती अंशांपर्यंत ती कोणत्या सामानासह सुरू होते, याचा कागद द्यावा. हार-पेढ्यांच्या फोटोसोबत तो कागदही फाइलला लावता येईल.

– मालवाहतूक व दुरुस्ती व्यवसायातील काही वाचक, निगडी, पुणे