अटी कोण ठरवतो?

महोदय,
अन्नपुरवठा साखळीची चर्चा गोदामे, शीतगृहे आणि वाहतुकीपाशीच थांबते. खरा प्रश्न अटी कोण ठरवतो, हा आहे. एकीकडे असंख्य उत्पादक, दुसरीकडे कोट्यवधी ग्राहक आणि मधे मोजके बडे खरेदीदार. त्यांनी ऐनवेळी मागणी रद्द केली, तर नाशवंत माल घेऊन उत्पादकाने जायचे कुठे? युरोपीय संघाच्या २०१९च्या निर्देशानुसार बड्या खरेदीदारांना छोट्या पुरवठादारांचे नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांत द्यावे लागतात. ऐनवेळी मागणी रद्द करण्यासही मनाई आहे. तक्रारदाराची ओळख गुप्त ठेवण्याची तरतूद मला त्यात सर्वांत मोलाची वाटते. कारण खरेदीदार तुटेल या धास्तीने उत्पादक तोंडच उघडत नाहीत. असे संरक्षण प्रत्येक देशातल्या उत्पादकाला कायद्याने मिळायलाच हवे.
– एक वाचक