फक्त स्पीड वाढवून नेट सुधारणार नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नेट अडकलं की सगळे टॉवर आणि स्पीडवर घसरतात, पण रेंज फुल दिसत असताना फोटो जात का नाही यावर कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून हे पत्र. डेटा छोट्या छोट्या पॅकेटमधून जातो, आणि तो नीट पोचतोय ना हे बघणाऱ्या टीसीपी या नियमावलीची गर्दी ओळखायची पद्धत जुनी आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली लॅब ते बर्कली विद्यापीठ ही लिंक इतकी तुंबली की सेकंदाला ३२ हजार बिटचा वेग ४० बिटवर आला, मग १९८८ मध्ये संशोधक व्हॅन जेकबसन यांनी उपाय मांडला की पॅकेट हरवलं म्हणजे पुढे गर्दी आहे असं समजून वेग कमी करायचा. वायरसाठी हे अगदी बरोबर, पण हवेत पॅकेट भिंतीमुळे किंवा दुसऱ्या सिग्नलच्या गोंधळामुळेही हरवतं, रस्ता मोकळा असतो आणि पाठवणारा उगाच ब्रेक मारून बसतो. वायफाय आणि मोबाईल नेटवर्क हरवलेलं परत पाठवून हे बरंचसं सावरतात, पण सिग्नल फारच खराब असला की तेही पुरत नाही.

याच्यावर उपाय नाहीत असं अजिबात नाही. गुगलने २०१६ मध्ये आणलेलं बीबीआर, म्हणजे पाठवायचा वेग ठरवायची पद्धत, नुसत्या हरवलेल्या पॅकेटवर न जाता लिंकची खरी क्षमता आणि लागणारा वेळ मोजतं. टीसीपीच्या जागी वापरता येणारं क्विक तर २०२१ मध्ये स्टँडर्ड झालं, त्यात कनेक्शनला स्वतःचा आयडी असतो, त्यामुळे वायफाय सोडून मोबाईल डेटावर गेलात, आयपी (नेटवरचा पत्ता) बदलला, तरी तेच कनेक्शन पुढे चालू राहू शकतं, टीसीपीत ते तुटतं.

पण माझा खरा राग अ‍ॅप बनवणाऱ्यांवर आहे. मोठी फाइल ९० टक्क्यांवर तुटली की परत शून्यापासून, हे आजच्या काळात का सहन करायचं? फाइलचे तुकडे करून पाठवा, जिथे तुटलं तिथून पुढे चालू करा, आणि लगेच लगेच रिट्राय मारून आधीच खराब असलेल्या नेटवर अजून भार टाकू नका, दर वेळी थांबायचा वेळ वाढवत न्या. लिनक्समध्ये नेटेम नावाचं टूल आहे, त्याने मुद्दाम पॅकेट पाडून आपलं अ‍ॅप तपासता येतं, फुकटात. ऑफिसच्या फास्ट वायफायवर चाललं म्हणजे झालं हे चालणार नाही. आपल्या पेपरात नवीन अ‍ॅपची ओळख देता तेव्हा खराब नेटवर ते कसं वागतं हेही कृपया छापत जा.

आपला,
एक नियमित वाचक