मुलांच्या जबड्याची सूज : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या गावात मी दातांचा दवाखाना चालवते. गाल सुजलेलं मूल समोर आलं की बहुतेक वेळा कारण किडलेली दाढच असते, आणि म्हणूनच जबड्याचा कर्करोग असलेलं एखादं वेगळं मूल हातून निसटतं. आधी गालगुंड म्हणून लेप लागतो, मग अँटिबायोटिकचा एक कोर्स, मग दुसरा. शेवटी दाढ काढतात. जखम भरत नाही, खड्ड्यातून मऊ, लालसर मांस वर येतं. ते खरवडून दवाखान्यातल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकलं जातं. साहेब, तोच तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालून तपासायला पाठवायचा असतो!

रॅब्डोमायोसार्कोमा हा मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा मऊ ऊतींचा (स्नायू, चरबी वगैरेंचा) कर्करोग. त्यातल्या एक तृतीयांशाहून अधिक गाठी डोक्या-मानेच्या भागात होतात. जबड्यात क्वचित, पण वाढ झपाट्यानं. कीड नसताना हलणारे दात, बधिर झालेला ओठ, नीट न उघडणारं तोंड, औषधानं न उतरणारी एका बाजूची सूज, यातलं काहीही दिसलं तर स्कॅन आणि बायोप्सी लांबवू नये. आजार पसरण्याआधी सापडला तर साधारण ७० टक्के मुलं बरी होतात. पसरल्यावर ही आशा निम्म्याहूनही कमी होते.

बायोप्सीनंही काम संपत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या लहान गोल पेशी लिम्फोमाच्या (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या) किंवा युइंग सार्कोमाच्याही (मुख्यतः हाडांच्या कर्करोगाच्या) असू शकतात, आणि तिन्हींचे उपचार वेगळे. डेस्मिन, मायोजेनिन या स्नायूपेशींतल्या प्रथिनांच्या चाचण्या आणि गरजेप्रमाणे फॉक्सओ१ जनुकाची तपासणी केल्याशिवाय खात्री होत नाही. हा खर्च बऱ्याचदा आईबापांच्या खिशातून जातो. उपचारासाठी योजना आहे, पण निदानाच्या आधीच घर कर्जात बुडालं तर तिचा उपयोग काय?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्यांत आणि शाळांत जातात, दातांची कीडही पाहतात. त्याच तपासणीत जबड्याची सूज पाहायला शिकवा. या चाचण्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मोफत करा आणि ग्रामीण रुग्णालयातून नमुना तिथं पोहोचवायची जबाबदारी नातेवाइकांवर टाकू नका. संशय असलेल्या मुलाला टाटा रुग्णालयासारख्या केंद्रात पाठवताना तारीख ठरवूनच पाठवा, नुसती चिठ्ठी देऊन नको.

आणि मुलाच्या जबड्यातून काढलेला कोणताही संशयास्पद तुकडा तपासणीविना टाकू नये, असं परिपत्रक सरकारी-खासगी सगळ्या दंतवैद्यांना याच महिन्यात काढा. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही.

आपली,
एक दंतवैद्य