मंजे, अण्णांना तूच सांग

मंजे,

माझं ठीक चाललंय, बीपीची गोळी चालू आहे, आईचे गुडघे तसेच. लिहायचंय अण्णांबद्दल. दादाला सांगून उपयोग नाही, तो लगेच नर्स ठेव म्हणतो.

मिरजेहून घरी आणलं तेव्हा वाटलं सुटलो. पण गळ्यातली नळी आहेच, आणि श्वासनलिकेला आतून सूज. डॉक्टर म्हणाले नाक हवा गरम करतं, ओलसर करतं, धूळ अडवतं, नळीतून श्वास घेणाऱ्याला यातलं काही मिळत नाही, मग बेडका घट्ट होतो आणि नळी चोंदू शकते. म्हणून नेबुलायझर, सलाइनचं, आणि सूज उतरायला सकाळ-संध्याकाळ बुडेसोनाइड. मास्क तोंडावर नाही, गळ्यापाशी बसतो. वाफ आत गेली की घरघर सुटायला लागते, मग सक्शन, म्हणजे मशीनने बेडका ओढून काढायचा, त्याची बारीक नळी, कॅथेटर, 10-15 सेकंदांच्या वर आत ठेवायचा नाही. तेवढ्यात अण्णा माझं मनगट असं आवळतात अगं, नखं उमटतात.

आई तर नेबुलायझरच्या औषधाच्या कपात निलगिरीचे थेंब टाकायला निघाली होती! मी एवढी ओरडले की शेजारच्या काकू धावत आल्या. फुफ्फुसात तेल गेलं तर?

पण खरी काळजी वेगळीच आहे. हळदीचा सीझन सुरू झालाय, तुला आपला वखारभाग माहितीय, खिडक्या लावल्या तरी पुसायच्या फडक्याला पिवळं लागतंच. नळीवर फिल्टर लावतो, पण नेबुलायझर देताना तो काढावाच लागतो. डॉक्टर म्हणतात सीझनपुरतं तरी हलवा. दादाचं घर विश्रामबागेत मोकळंच आहे, पण अण्णा हलायला तयार नाहीत. पाटीवर लिहितात, "पोती आली का?" मंजे, त्यांना आता हळदीचा वास येतच नाही गं, हवा नाकातून जातच नाही ना. ज्या वासासाठी इथे बसलेत तोच येत नाही, आणि हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

तुझं ते ऐकतात. माझ्या नव्या सायकलवर पहिली फेरी तुला मारू दिली होती त्यांनी, ते भांडण अजून मिटलेलं नाही, लक्षात ठेव! पण आत्ता तुझा तो लाडच कामाला येईल.

प्रमोशनचं कळलं, खूप आनंद झाला. पिंट्याची दहावी यंदाच ना? सासूबाईंना नमस्कार.

संध्याकाळची वाफ झाल्यावर व्हिडिओ कॉल कर, तेव्हा छाती मोकळी असते. महिनाभर दादाकडे जा, एवढंच म्हण. पाटीवर लिहायला त्यांना वेळ लागतो, तोवर घाईने फोन ठेवू नकोस.

तुझी,
वर्षी