सबाहच्या मुख्यमंत्र्यांना खुलं पत्र: झाडांना नंबर टाकता, तशी ओरांगउटानची घरटीही मोजा

मा. मुख्यमंत्री साहेब, सबाह राज्य, कोटा किनाबालू, मलेशिया

सप्रेम नमस्कार.

मी पुण्याचा. तुमच्याकडे डेरामाकोटच्या जंगलात पाहुणा म्हणून आलो होतो, आणि पाहुण्याने यजमानाला शहाणपण शिकवू नये हे कळतं, तरी लिहितोय. चार दिवसांत ओरांगउटान (झाडावर राहणारा, लाल केसांचा मोठा वानर) एकदाच दिसला, तोही पाठमोरा. घरटी मात्र भरपूर. गाईडने एक दाखवलं, पानं अजून हिरवीगार, म्हणजे एक-दोन दिवसांचं, आणि पलीकडच्याच झाडावर दुसरं, पानं सगळी गळलेली, नुसत्या काटक्या, आरपार आभाळ दिसत होतं. म्हणाला, आमची मोजणी ह्याच्यावरच चालते.

प्राणी हाताला लागत नाही म्हणून घरटी मोजायची, साधारण रोज संध्याकाळी नवीन बांधतो म्हणून हिशोब बसतो, इथवर ठीक. पण घरटं टिकतं किती? ते जंगलागणिक, झाडागणिक वेगळं, कठीण लाकडाच्या झाडावरचं जास्त टिकतं. 200 दिवस धरले तर जो आकडा येतो, तो 400 धरले की थेट निम्म्यावर! म्हणजे दुसऱ्या जंगलातले दिवस उचलून तोडणी झालेल्या जंगलाला लावले तर कागदावर काय वाट्टेल ते निघेल. आम्ही ह्यातून गेलोय साहेब. आमच्याकडे पंजाच्या ठशांवरून वाघ मोजायचे, 2002 चा आकडा 3,642, मग 2006 ला कॅमेरे लावून पद्धत बदलली आणि निघाले 1,411. मधल्या काळात सारिस्कात तर एकही वाघ उरला नव्हता.

तुमचं काम वाईट आहे असं अजिबात नाही, उलट डेरामाकोटसारखं जंगल आमच्याकडे दाखवायला नाही. 55 हजार हेक्टर, 1997 पासून एफएससी सर्टिफिकेट (जंगल जपून लाकूड काढल्याचं), तोडायच्या प्रत्येक झाडाला नंबर, नकाशावर खूण. हेलिकॉप्टरमधून घरटी मोजून 2002-03 ला सबाहभरात सुमारे 11 हजार ओरांगउटान निघाले, तेही बहुतेक अभयारण्यांच्या बाहेर, लाकूडतोडीच्या जंगलात. 2014-17 ला परत मोजले तेव्हा साडेनऊ हजारांच्या आसपास, मोठ्या जंगलात टिकून होते, पाम तेलाच्या मळ्यांत अडकलेल्या तुकड्यांत कमी झालेले. (आमच्या फरसाणातलं तेलही त्यातलंच, तेव्हा बोट फक्त तुमच्याकडे नाही.)

पण मध्ये दहा-बारा वर्षं गेली ना. मादीला सात-आठ वर्षांनी एक पिल्लू होतं, घट आकड्यात दिसेपर्यंत भरून काढायची वेळ निघून गेलेली असते. गेंड्याचं तेच झालं, 23 नोव्हेंबर 2019 ला इमान नावाची शेवटची मादी गेली आणि मलेशियातला सुमात्रन गेंडा संपला.

माझं मागणं छोटं आहे. झाडांना नंबर टाकणारी माणसं तोडणीआधी तो तुकडा पायाखाली घालतातच, त्यांना घरटी मोजायचं ट्रेनिंग द्या, वेगळा भत्ता द्या, आणि तोडणीनंतर त्याच वाटेने परत चालायला लावा. थोड्या घरट्यांना टॅग लावून दर महिन्याला बघा, म्हणजे टिकायचे दिवस तुमच्याच जंगलातले मिळतील. कॅमेरा ट्रॅपही तिथेच ठेवा, कारण धूसर बिबट्या (क्लाउडेड लेपर्ड) काही घरटी बांधून पत्ता देत नाही. आणि आकडे तुकड्यानुसार जाहीर करा, वाईट आले तरी.

पुढच्या वर्षी परत यायचा विचार आहे. ते काटक्यांचं घरटं अजून आहे का, बघायचंय.

आपला,
एक पुणेकर