हार आकेशियाच्या गळ्यात कशाला?

महोदय,

वनमहोत्सवानिमित्त आपल्या अंकात आलेल्या लेखात कातळावर आकेशिया, म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभूळ, लावण्याचा सल्ला वाचला. कारण काय, तर ती हवेतला नत्र जमिनीला देते. हवेतला नत्र धरणे या झाडाला जमतच नाही. ते काम त्याच्या मुळांवरच्या गाठींत राहणाऱ्या रायझोबियम जातीच्या जिवाणूंचे. डच शास्त्रज्ञ बेयरिंक यांनी 1888 मध्ये असा जिवाणू गाठीतून वेगळा काढून दाखवला, तरी हार अजून झाडाच्याच गळ्यात पडतो.

आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, सामाजिक वनीकरणात लावलेली जुनी आकेशिया आहे. जळणाला चांगली आणि जिथे दुसरे काही धरत नाही तिथेही ती धरते, हे कबूल. पण जरा खाली जाऊन बघा. कोयत्यासारखा वाकडा, चिवट पातेरा घोटाभर साचलेला असतो. (ती खरी पानेही नव्हेत, चपटे झालेले देठ आहेत.) पावसाळा उलटला तरी तो धड कुजत नाही, खाली गवत येत नाही, गुरे तोंड लावत नाहीत. जिवाणूने कमावलेला नत्र त्या पातेऱ्यातच अडकून राहतो. त्यापेक्षा बांधावरचे गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) बरे. त्याच्याही मुळांवर जिवाणू असतात आणि पाला चिखलात दाबला की लगेच कुजतो.

जिवाणूच हवा असेल तर झाडाची वाट कशाला बघायची? भात कापल्यावर आम्ही चवळी, कुळीथ पेरतोच. फुलावर आलेले चवळीचे रोप मातीसकट हलक्या हाताने उपटून मुळावरची गाठ नखाने फोडा. आत लालसर दिसली तर काम चालू आहे, हिरवट किंवा पांढरी निघाली तर नाही.

रायझोबियम जिवाणूंच्या खताचे 250 ग्रॅमचे पाकीट दहा-पंधरा किलो बियाण्याला पुरते. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचे, सावलीत सुकवायचे आणि लगेच पेरायचे. अडचण पाकिटांचीच. तालुक्याच्या एका दुकानात ती तापलेल्या पत्र्याखाली रचलेली होती, त्यातली निम्मी मुदत संपलेली. जिवंत खत असे ठेवल्यावर त्यात जिवंत काय राहणार?

पावसाळ्यात फुकट रोपे वाटायला टेम्पो वाडीवाडीवर फिरतो. दिवाळीच्या सुमारास, कुळथाच्या पेरणीआधी, त्याच टेम्पोतून ताजी पाकिटे पाठवावीत. फक्त चवळी गटाची पाठवा; पिकांच्या गटागटाचा जिवाणू वेगळा, हरभऱ्याची आमच्या कुळथाला चालत नाहीत.

— एक शेतकरी, ता. कणकवली